कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन: सातव्या महिन्यात ठरवा, कळा सुरू झाल्यावर नको

दुसऱ्या खेपेला मी ॲडमिट झाले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. कळा तीन-तीन मिनिटांवर आलेल्या. तेवढ्यात एक सिस्टर पॅडला फॉर्म लावून आली आणि म्हणाली, "दुसरं ना ताई? मग ऑपरेशन करूनच टाका, परत यायला नको. इथं सही." मी केली सही. त्या घटकेला कुणी सातबाऱ्यावर मागितली असती तरी केली असती.

मुलगी सकाळी झाली. दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन लावलं होतं आणि त्याच सकाळी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. तिला निळ्या लाइटखाली ठेवलं. मी डॉक्टरांना म्हटलं, आत्ता नको. ते म्हणाले, "सही केलीये की तुम्ही." मला तेव्हा माहीत नव्हतं की सही केली तरी टेबलावर जाईपर्यंत मत बदलता येतं. पण रडारड केली आणि सुटले. पुढे तीन महिन्यांनी, मुलगी गुटगुटीत झाल्यावर, मी स्वतःच्या पायांनी जाऊन दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. माझ्या धाकट्या जावेने मात्र बाळंतपणानंतर तिसऱ्याच दिवशी टाक्याचं करून घेतलं. ती निफाड तालुक्यात राहते, मी नाशकात, सिडकोत. दोन्ही प्रकार घरात पाहिले, दोन्हींची सेवा केली आणि करून घेतली. शेजारच्या पोरी विचारतात तेव्हा जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते. ज्यांना सातवा-आठवा महिना लागलाय, त्यांनी आधी वाचावं.

आधी नावांचा घोळ मिटवू

आपल्याकडे 'ऑपरेशन' म्हटलं की बायका एकच प्रकार समजतात. पण प्रकार दोन आहेत.

टाक्याचं, म्हणजे मिनीलॅप. बाळंतपणानंतर लगेच करायचं ते हे. गर्भाशय तेव्हा बेंबीपर्यंत वर आलेलं असतं, त्यामुळे बेंबीच्या जरा खाली दोन इंचांहून लहान छेद घेतला की गर्भनलिका हाताशी येतात. दोन्ही बाजूंची नळी वर ओढून बांधतात आणि मधला छोटा तुकडा कापून काढतात. गर्भाशय आणि अंडाशय जिथल्या तिथे राहतात. पिशवी काढणं वेगळं, हे वेगळं. माझ्या सासूबाईंना हे तीनदा सांगावं लागलं.

बिनटाक्याचं किंवा दुर्बिणीचं, म्हणजे लॅप्रोस्कोपी. पोटात गॅस भरून दुर्बीण घालतात आणि नळ्यांवर रबरासारखी रिंग चढवतात. बिनटाक्याचं म्हणतात, पण एखाद-दुसरा टाका असतोच. हे बाळंतपणानंतर लगेच करत नाहीत. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात, त्यानंतरच.

सीझर असेल तर प्रश्नच सोपा होतो. पोट उघडलेलंच असतं, त्याच वेळी नळ्या बांधतात, वेगळा छेद नाही. पण म्हणूनच सीझरवाल्यांनी आधी ठरवणं जास्त गरजेचं. टेबलावर झोपल्यावर "करून टाकू का?" हा प्रश्न विचारण्याचा नव्हे आणि उत्तर देण्याचाही नव्हे.

ठरवणं: यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

हे ऑपरेशन कायमचं आहे असं समजूनच करायचं. नळ्या पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण ते मोठं असतं, सगळीकडे होत नाही आणि झालं तरी दिवस राहतीलच याची हमी कुणी देत नाही. "नंतर बघू, जोडता येतं म्हणे," या भरवशावर असाल तर आज करू नका.

अमेरिकेत हजारो बायकांचा कित्येक वर्षं पाठपुरावा करून १९९९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्यांपैकी १४ वर्षांत शंभरातल्या साधारण २० जणींनी पस्तावा बोलून दाखवला. तिशीनंतर करणाऱ्यांत तो आकडा सहाच्या आसपास होता. देश वेगळा, पण माणसाचं मन वेगळं नसतं. आणि आपल्याकडे तर पंचविशीच्या आत दोन मुलं होऊन ऑपरेशनही उरकलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत. तेव्हा वय कमी असेल तर दुप्पट विचार करा, एवढाच याचा अर्थ.

सरकारी नियमही पाहून ठेवा. बाईचं लग्न झालेलं असावं, वय २२ ते ४९ च्या दरम्यान असावं आणि वैद्यकीय कारण नसेल तर किमान एक मूल वर्षाच्या वरचं असावं. नवरा-बायकोपैकी कुणाचं आधी झालेलं नसावं.

आता घरात बसून स्वतःला विचारायचे प्रश्न. मी ते वहीत लिहिले होते, किराण्याच्या यादीच्या मागच्या पानावर.

हे मला हवंय, की सासरी-माहेरी सगळे म्हणतात म्हणून? उद्या आत्ताचं बाळ दगावलं, तर? अभद्र वाटतं, पण हा विचार प्रत्येक आईच्या मनात येऊन जातो, तो दाबू नका. समोर आणून उत्तर द्या. उद्या नवरा राहिला नाही किंवा मोडलं आणि दुसरं लग्न झालं, तर? आणि "मुलगा झाला तर करू, मुलगी झाली तर थांबू" असं मनात असेल, तर ते आधी स्वतःशी तरी कबूल करा. मला दोन मुलीच. ऑपरेशन ठरलं तेव्हा एका आत्याबाईंनी विचारलं, "अन् वंशाला?" मी म्हटलं, आत्या, वंश चालवायला दोघी आहेत, गाडी तर थोरली आत्तापासूनच चालवायला मागते.

सहीचं काय? कायद्याने नवऱ्याची संमती लागत नाही. बाईची स्वतःची लागते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नवऱ्याची सही मागतात, आणि भांडण नको म्हणून आपण ती घेतोही. पण उलटं कधीच चालत नाही: नवऱ्याने सही केली आणि बाईला नको आहे, तर ऑपरेशन होऊ शकत नाही. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, वाचून दाखवायला हवं. कळा चालू असताना किंवा गुंगीचं औषध दिल्यावर घेतलेली सही ही संमती नव्हे. मत बदललं तर बाकीचे उपचार थांबवता येत नाहीत.

हे नियम काही उगाच आलेले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यातल्या अनेक जणी गेल्या. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात निकाल दिला: शिबिरं तीन वर्षांत बंद करा, संमती नीट समजावून घ्या. त्यामुळे "आज गर्दी आहे, पटकन सही करा" असं कुणी म्हणालं तर थांबायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

ऑपरेशनशिवाय काय काय आहे

आशाताईंना किंवा एएनएम सिस्टरला विचारा, सरकारीत हे सगळं फुकट मिळतं, म्हणून पटकन सांगते. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ३८० ए ही जात १० वर्षं चालते आणि नको झाली की काढता येते. ज्यांचं मन डळमळतंय त्यांनी आधी हिचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. अंगावर पाजत असाल तर बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिच्यात हार्मोन नाही, दुधावर परिणाम नाही.

आणि पुरुष नसबंदी. हिच्यावर जरा थांबते. जागेवरच भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो. बाईच्या ऑपरेशनपेक्षा ही सोपी आणि कमी धोक्याची आहे, यावर डॉक्टरांत दुमत नाही. फक्त लगेच लागू होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करायची. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन केलेलं निघालं, आणि नवऱ्याने नसबंदी केलेल्यांचं प्रमाण फक्त ०.३ टक्के. आमच्याकडे विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याला कामावर जायचंय, जड उचलायचंय." मी काय पाटावर बसून असते? पुरुषाच्या ताकदीवर, इच्छेवर याचा काही परिणाम होत नाही. विषय काढून तरी बघा. आमच्यात नाही जमलं, तुमच्यात जमेल.

कधी: सात दिवस, नाहीतर सहा आठवडे

हे गणित पाठ करून ठेवा. साधं बाळंतपण झालं तर टाक्याचं ऑपरेशन सात दिवसांच्या आत. आठव्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत करत नाहीत, कारण गर्भाशय अर्धवट खाली गेलेलं असतं, नळ्या नीट हाती येत नाहीत आणि जंतुसंसर्गाची भीती जास्त. ते दिवस टळले की सहा आठवड्यांनंतर, टाक्याचं किंवा दुर्बिणीचं. तेव्हा आधी लघवीची तपासणी करून दिवस गेलेले नाहीत हे पाहतात. पाळी सुरू झाली असेल तर पाळीच्या पहिल्या सात दिवसांत बोलावतात.

मधल्या काळात निरोध वापरा. "पाजतेय, पाळी आली नाही, मग काय होतंय?" हा हिशेब पहिल्या सहा महिन्यांपुरता आणि तेही बाळ निव्वळ अंगावरच असेल तरच. वरचं दूध सुरू केलं की तो मोडतो. आमच्या गल्लीत दीड वर्षाच्या अंतराने शाळेत जाणारी भावंडं बरीच आहेत.

लगेच करू नये अशी कारणंही असतात. बीपी फार वाढलेलं, झटके येऊन गेलेले, पाणी जाऊन २४ तासांहून जास्त वेळ झालेला, ताप, बाळंतपणात खूप रक्तस्राव, हिमोग्लोबिन सातच्या खाली. यातलं काही असेल तर डॉक्टर पुढे ढकलतात आणि ते बरोबर असतं. आणखी एक कारण मी माझ्याकडून घालते: बाळ काचेच्या पेटीत असेल, कावीळ असेल, वजन फार कमी असेल, तर घाई नको. ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

नाशकात चौकशी कुठे, कागद कोणते

सरकारीत जायचं तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल, महापालिकेची झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको. आडगावचं वसंतराव पवार मेडिकल कॉलेज सरकारी नव्हे, मराठा विद्या प्रसारक संस्थेचं आहे. तालुक्यात ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडच्या बायकांनी आधी आपल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, विचारावं. वाहनाची सोय आणि ऑपरेशनचा दिवस तिथेच कळतो. सातव्या महिन्याच्या तपासणीलाच सांगून ठेवा आणि माता-बालसंरक्षण कार्डावर लिहून घ्या. खासगीत नाव घातलं असेल तर बाळंतपणाच्या पॅकेजमध्ये हे धरलंय की वेगळं, ते तेव्हाच विचारा.

पिशवीत घालायचं: आधार कार्ड दोघांचं, रेशन कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, तपासण्यांची फाइल, दोन फोटो. पासबुक कशासाठी, तर सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात केलं तर मोबदल्याची रक्कम खात्यात जमा होते. खातं बाईच्या नावावर असावं. माझ्या जावेचं खातं बरीच वर्षं वापरात नव्हतं, त्यामुळे पैसे अडकले आणि ओल्या बाळंतिणीला केवायसीसाठी बँकेत जावं लागलं. आधीच बघून घ्या.

ऑपरेशनच्या दिवशी

रक्त, लघवी, बीपी तपासतात. किती वाजल्यापासून उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील, आणि ते काटेकोर पाळायचं. "घोटभर चहाने काय होतंय," म्हणणारी एक मावशी प्रत्येक वॉर्डात असते. भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेततं, हे तिला सांगा. नथ, बांगड्या, मंगळसूत्र घरच्यांकडे द्यायचं. नेलपॉलिश काढायचं; बोटाला लावलेल्या मशीनला ऑक्सिजन नीट मोजता यावा म्हणून. कसली ॲलर्जी, दमा, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या, सगळं सांगायचं, लाजायचं नाही.

आत नेण्याच्या अगदी आधी बाळाला पोटभर पाजून घ्या. टाक्याच्या ऑपरेशनला जागेवरची भूल आणि सोबत गुंगीचं औषध, नाहीतर पाठीतली भूल देतात. काम वीस-तीस मिनिटांचं. जावेला आत बोलणी ऐकू येत होती. म्हणे, ओढल्यासारखं वाटलं, दुखलं नाही, पण सिस्टर द्राक्षाचा भाव विचारत होती ते आठवतंय. दुर्बिणीच्या वेळी माझ्या पोटात गॅस भरला तेव्हा फुगा फुगल्यासारखं झालं. नंतर दोन दिवस खांदा दुखत राहिला. पोटाच्या ऑपरेशनने खांदा का दुखतो म्हणून मी घाबरले होते. तो गॅसमुळे दुखतो आणि आपोआप थांबतो.

शुद्ध नीट आली, मळमळ थांबली की बाळाला लगेच पाजता येतं. दवाखान्यातून निघताना चार गोष्टी हातात असल्याच पाहिजेत: डिस्चार्ज कार्ड, त्यावर ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, औषधांची चिठ्ठी, टाक्यासाठी परत यायची तारीख. घरी जाताना रिक्षावाल्याला आधीच सांगा. द्वारका ते सिडको या रस्त्यात किती गतिरोधक आहेत ते टाके घातलेल्या बाईलाच नीट मोजता येतात. पोटावर उशी दाबून धरली की हिसका कमी बसतो.

घरी: पहिले दहा दिवस

खरी परीक्षा इथे. एकाच वेळी तुम्ही बाळंतीणही आहात आणि पोटावर टाकेही आहेत. सगळ्यांना बाळंतीण दिसते, टाके कुणाला दिसत नाहीत.

पहिले ४८ तास विश्रांती. विश्रांती म्हणजे पडून राहणं नव्हे. दवाखान्यातच उठून बसवतात, तसंच घरी दर दोन-तीन तासांनी खोलीतल्या खोलीत चाला. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हे गरजेचं. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातावर भार देऊन उठायचं. खोकला, शिंक, हसू आलं तर हाताने किंवा उशीने पोट दाबायचं. आमच्याकडे दीर विनोद करायचे, त्यांना आठवडाभर खोलीबंदी केली.

पाजताना बाळ मांडीवर आडवं घेतलं की त्याचे पाय नेमके टाक्यावर बसतात. जावेने पहिल्या दिवशी लाथ खाल्ली. मग उपाय सापडला: कुशीवर झोपून पाजायचं, किंवा बाळाला काखेत, हाताखालून मागे पाय करून धरायचं आणि खाली उशी द्यायची.

दुखलं तर गोळी घ्या. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या दूध पाजणाऱ्या आईला चालतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या घ्यायच्या, "दुधातून बाळाला जाईल" म्हणून दातओठ खाऊन सहन करायचं नाही. दुखणाऱ्या बाईला नीट बसता येत नाही, नीट बसता आलं नाही तर नीट पाजता येत नाही. ॲस्पिरिन मात्र नको.

आता शेक-शेगडीचं. आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, बाजेखाली शेगडी ठेवतात. टाके असताना यात बदल करावाच लागतो. जखमेवर तेल नाही, हळद नाही, राख तर नाहीच. पाठीला, पायांना मालीश चालेल, पोटाला नाही. २४ तासांनी कोमट पाण्याने अंघोळ करता येते, पण पट्टी कोरडी राहिली पाहिजे. ओली झालीच तर टिपून कोरडी करायची आणि पट्टी बदलून घ्यायची. शेगडीचा शेक पोटाजवळ नको. धुराने खोकला येतो आणि खोकला टाक्यांचा शत्रू. पोट बांधायचा आग्रह होईल. पट्टा टाक्यावर काचत असेल तर सरळ नाही म्हणा. आमच्या सासूबाईंनी मान्य केलं नाही, मी त्यांना फोनवर सिस्टरशी बोलायला लावलं. घरातल्या माणसापेक्षा पांढऱ्या कपड्यातलं माणूस पटतं.

खाण्यात मोकळीक आहे. पातळच खायचं, भात नको, वांगं नको, असलं काही टाक्यांना लागत नाही. डाळ, भाजी, अंडी, दूध, बाजरीची भाकरी, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं चालतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथताना टाके ओढतात. रात्री मनुका भिजत घालून सकाळी खायच्या; नाशकात मनुकांना काय तोटा. भरपूर पाणी. लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात.

सणवार. ऑपरेशन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झालं की पाचवी नेमकी ताज्या टाक्यांवर येते आणि बारसं टाके निघाल्यावर जेमतेम. पाचवीला पाटावर बसून पूजा करायची, खाली वाकून नमस्कार करायचा. जावेने खुर्चीवर बसून केली. सटवाई खुर्चीवर बसलेल्या बाईच्या बाळाचंही नशीब लिहिते. बारशाला मांडीवर बाळ घेऊन दोन तास फोटो देत बसू नका. अर्धा तास झाला की आत निघून जायचं, कुणी रागावत नाही.

कामाचं. घरातली हलकी कामं दोन दिवसांनी, नेहमीची कामं दोन आठवड्यांनी हळूहळू. पण बाळंतीण असल्यामुळे हंडा, गोणी, द्राक्षाचं क्रेट, थोरल्याला कडेवर घेणं, हे दीड महिना टाळा. थोरल्याला कुशीत घ्या, कडेवर नको. खेड्यातल्या बायकांना सांगते, कांदा काढणीच्या किंवा छाटणीच्या तोंडावर तारीख येत असेल तर तेव्हाच मजूर ठरवून ठेवा. जाऊ नवव्या दिवशी कांदे निवडायला बसली होती, "नुसतं बसायचंच तर आहे" म्हणून. संध्याकाळी टाक्याची जागा लाल आणि गरम. पाच दिवस जास्तीच्या गोळ्या, आणि मजुरीपेक्षा दवाखान्याला जास्त गेले.

नवरा-बायकोचे संबंध: बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेपर्यंत आणि तुम्हाला बरं वाटेपर्यंत नाही; साधारण सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर. फक्त दुर्बिणीचं असेल तर एक आठवड्यानंतर. हे ठरवणं तुमच्या अंगावर आहे, त्याच्या कॅलेंडरवर नाही.

टाके काढायला सातव्या दिवशी जा. विरघळणारे असले तरी दाखवायला जा. त्याआधी ४८ तासांत आशाताई किंवा सिस्टर घरी येऊन किंवा फोनवर चौकशी करतात. आल्या नाहीत तर तुम्ही फोन करा.

यातलं काही दिसलं तर थांबू नका

ताप. पोटातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट फुगणं, सतत उलट्या. जखमेतून पू किंवा रक्त, भोवती लाली आणि कढतपणा. अंगावरून इतकं जाणं की तासाला एक पॅड भिजतंय, किंवा घाण वास. चक्कर येऊन पडणं. एकच पाय सुजून पोटरी दुखणं, किंवा अचानक धाप लागणं. १०८ ला फोन करा, किंवा जिथे ऑपरेशन झालं तिथे जा. "उद्या ओपीडीत दाखवू" हे वाक्य बंद.

महिन्यानंतर: पाळी, प्रमाणपत्र आणि पोटात गोळा

एक महिन्याने, किंवा पहिली पाळी आल्यावर, तपासणीला जायचं आणि कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. आपण होऊन कुणी देत नाही. हा कागद फार कामाचा. 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या-केशरी रेशन कार्डवाल्या घरातल्या, १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात, त्यात पुढच्या हप्त्यांना हे प्रमाणपत्र मागतात. आईचं किंवा वडिलांचं, दोन्ही चालतं, हे नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवा.

पाळी, वजन, कंबर. ऑपरेशनने पाळी बिघडते असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. ज्या आधी गोळ्या घेत होत्या त्यांना गोळ्या बंद झाल्यावर पाळी जड वाटू शकते. कंबरदुखीचं खापर प्रत्येक जण ऑपरेशनवर फोडतो; बाळाला वाकून उचलणं, रात्री चार वेळा बसून पाजणं, पोटाचे सैल पडलेले स्नायू, ही खरी कारणं. वजन नळ्या बांधल्याने वाढत नाही. डिंकाच्या लाडवांवर मी काही बोलत नाही. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून मात्र हे ऑपरेशन वाचवत नाही, त्याला निरोधच.

ऑपरेशन फसतं का? क्वचित, हो. पहिल्या वर्षात हजारात पाच जणींना दिवस राहतात, दहा वर्षांत हजारात साधारण अठरा-एकोणीस. म्हणून पाळी चुकली तर "माझं तर ऑपरेशन झालंय" म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात लघवीची तपासणी करा. कारण असे दिवस राहिले तर गर्भ नळीतच रुजण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. पाळी चुकून ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं थोडं रक्त जातंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे लगेच दवाखान्यात जायचं लक्षण आहे. गर्भ गर्भाशयात असेल आणि मूल नको असेल, तर साधन फसल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी ऑपरेशन झालं असेल तर भरपाईचा अर्जही करता येतो, पण दिवस असल्याचं कळल्यापासून ९० दिवसांच्या आत. त्याला डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्राची प्रत आणि प्रमाणपत्र, तिन्ही लागतात.

जावेची फाइल तिच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागे असते. दर महिन्याला पाळीची तारीख ती त्याच डिस्चार्ज कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहिते. मी कागदांचे फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलेत.